फ्रान्सची क्रांती हैतीत पोचली कशी? (लांबलंय, सांभाळून घ्या)

मुक्काम_मॉन्ट्रियल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल पोटात घाला.

आमच्या शेजारी हैतीच्या एक काकू राहतात. (मॉन्ट्रियलमध्ये हैतीची माणसं भरपूर, आमच्या बसचा ड्रायव्हर, मुलीच्या डेकेअरमधली ताई, सगळे तिकडचेच.) १ जानेवारीला सकाळी सकाळी त्यांनी दार वाजवलं आणि एक भलामोठा डबा हातात दिला, आत लाल भोपळ्याचं दाट सूप. मी आपलं हॅपी न्यू इयर म्हटलं तर म्हणाल्या न्यू इयर असेल तुमचं, आमचा आज स्वातंत्र्यदिन. १ जानेवारी १८०४. गुलामगिरीच्या काळात हे सूप रांधायचं गुलामांनी आणि ओरपायचं मळेवाल्यांनी असं होतं म्हणे, म्हणून स्वातंत्र्य मिळाल्यापासून त्या दिवशी घरोघर हेच शिजतं. सूप जूमू म्हणतात, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलंय.

लाज वाटली राव. फ्रेंच राज्यक्रांती आपण शाळेत घोकली, बॅस्टिलचा तुरुंग, गिलोटिन, स्वातंत्र्य समता बंधुता, सगळं पाच मार्कांना. पण त्याच फ्रान्सच्या वसाहतीत गुलामांनी बंड करून देश मिळवला हे एका ओळीतही नव्हतं. मग महिनाभर लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत बसलो, त्यातलं थोडं मांडतो.

हैतीचं तेव्हाचं नाव सां-दोमिंग. १६९७ च्या तहाने कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा फ्रान्सकडे आला आणि शंभर वर्षांच्या आत ती जगातली सगळ्यात श्रीमंत वसाहत झाली. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी साधारण ४० टक्के आणि जगातली अर्ध्याहून जास्त कॉफी एवढ्याशा तुकड्यातून जायची. आणि ती कशावर, तर जवळपास ५ लाख गुलामांवर. गोरे तीसचाळीस हजार आणि साधारण तेवढेच 'मुक्त रंगीत' लोक, म्हंजे मिश्र रक्ताचे किंवा गुलामीतून सुटलेले, त्यातल्या कितीतरी जणांचे स्वतःचे मळे आणि स्वतःचे गुलाम होते. उसाच्या चरकात हात जाणं, रात्रपाळीला उकळत्या काहिलीत माणूस पडणं हे रोजचं. माणसं इतकी भराभर मरायची की १७८० च्या दशकाच्या शेवटी दर वर्षी तीस हजारांच्या वर नवी माणसं आफ्रिकेतून आणावी लागत होती.

२६ ऑगस्ट १७८९ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. आणि दोन वर्षं पुरी व्हायला तीन-चार दिवस बाकी असताना, २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री, सां-दोमिंगच्या उत्तरेकडच्या मैदानात उसाचे मळे पेटले. मधे अख्खा अटलांटिक, जहाजाला दीड-दोन महिने लागायचे.

तर माझा प्रश्न असा की हे एकामुळे दुसरं झालं का? माझं मत थोडक्यात, ठिणगी तिकडची असेलही पण दारू इथलीच होती. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_आजोबा
पहिलाच धागा आणि इतका लांब? बरंय, चालू द्या. आम्हाला शाळेत हैती म्हटलं की फक्त नकाशावर टिंब.

तिरकस
'प्रेरणा' हा शब्द आला की मला खाज सुटते. प्रेरणा घेतली म्हणजे काय केलं नक्की? ५ लाखांतले दोन तृतीयांश लोक आफ्रिकेत जन्मलेले, फ्रेंच धड येत नाही, वाचता येण्याचा प्रश्नच नाही, ते काय जाहीरनाम्याची प्रत घेऊन रात्री कंदिलाखाली बसले होते? पाठीवर चाबूक पडतो तेव्हा रूसो वाचावा लागत नाही. आणि बंडं आधीपासूनच होती की. माकांदाल नावाचा पळून गेलेला गुलाम, मळेवाल्यांना विष घालायचं जाळं उभं केल्याचा आरोप होता त्याच्यावर, त्याला १७५८ मध्ये ल काप शहराच्या चौकात जिवंत जाळला. १७५८ ला कुठली आली फ्रेंच क्रांती? ही सगळी युरोपची सवय आहे, जगात काही चांगलं झालं की आमच्यामुळेच.

जास्वंदी
तिरकसना +१. गुलामाला स्वातंत्र्य हवं असतं हे त्याला पॅरिसहून कळवावं लागत नाही.

मुक्काम_मॉन्ट्रियल
@तिरकस, तुमचं बरंचसं पटतंय, किंबहुना त्याहून मजेशीर गोष्ट सांगतो. १७९१ चे बंडखोर मानवी हक्कांच्या घोषणा देत नव्हते, ते राजाचं नाव घेत होते! अफवा अशी पसरली होती की फ्रान्सच्या राजाने गुलामांना आठवड्यातले तीन दिवस स्वतःसाठी दिलेत आणि इथले मळेवाले तो हुकूम दाबून बसलेत. असा हुकूम कधी निघालाच नव्हता. त्यांचे पुढारी राजाच्या सैन्यासारखे बिल्ले लावून फिरायचे. म्हंजे तिकडे पॅरिसमध्ये राजाला खाली खेचणं चाललंय आणि इकडे त्याच क्रांतीच्या गडबडीत लोक राजासाठी म्हणून मळे जाळतायत.

पण मला वाटतं क्रांती लांब जाते ती अशीच. तत्त्व म्हणून कमी जाते, बातमी म्हणून जाते, आणि बातमीची अफवा होते. वर काहीतरी हललंय, मालकांच्यात भांडणं लागलीत, एवढं कळलं तरी खूप होतं.

आणि अगदीच कागद पोचले नाहीत असंही नाही हां. एका पकडलेल्या बंडखोराला मारल्यावर त्याच्याकडे काय सापडलं ते त्या वेळच्या एका वसाहतवाल्याने लिहून ठेवलंय. खिशात फ्रान्समध्ये छापलेली मानवी हक्कांची पत्रकं, दुसऱ्या खिशात आग लावायचं सामान आणि छातीवर केस, जडीबुटी, हाडाचे तुकडे भरलेली ताईतासारखी पिशवी. तिन्ही एकाच माणसाच्या अंगावर. आता यातलं कशामुळे तो लढला ते तुम्हीच ठरवा, मला तर तिन्ही लागतात असं वाटतं.

जुनी_वही
चर्चा छान चाललीय. मी तीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला, त्यामुळे थोडी मास्तरकी करणार, कंटाळा आला तर पुढे जा.

एक गोष्ट धाग्यात सुटतेय. फ्रेंच क्रांती सां-दोमिंगमध्ये सगळ्यात आधी गुलामांनी नाही, गोऱ्यांनी आयात केली. १७८९ ची बातमी आल्यावर टोपीला तिरंगी फुलं लावून नाचले ते मळेवाले, व्यापारी आणि शहरातले गरीब गोरे. त्यांना 'स्वातंत्र्य' हवं होतं ते पॅरिसच्या सरकारी अधिकाऱ्यांपासून आणि फ्रान्सशीच व्यापार केला पाहिजे या सक्तीपासून. आणि हे सगळं ते जेवणाच्या टेबलावर मोठमोठ्याने बोलत होते, वाढायला कोण उभं होतं? गुलाम. त्यांना वाचता येत नसेल, कान होते ना. शिवाय बंदरावर माल उतरवणारे, खलाशी, मालकाची बग्गी हाकणारे, ही माणसं गावोगाव बातम्या न्यायची. पुढे या बंडाचा सगळ्यात मोठा पुढारी झालेला तूसाँ लूव्हर्त्यूर पूर्वी एका मळ्यावर हाच बग्गी हाकायचं काम करायचा आणि त्याला वाचता येत होतं.

मग मुक्त रंगीत लोक म्हणाले, माणसं समान म्हणताय तर आम्हालाही मत द्या. त्यांचा व्हिन्सां ओजे पॅरिसमध्ये खेटे घालून थकला, शेवटी परत येऊन ऑक्टोबर १७९० मध्ये तीनेकशे लोक घेऊन उठला. गंमत (दुःखद) म्हणजे गुलाम सोडा असं त्याचं म्हणणंच नव्हतं. त्याला आणि त्याच्या साथीदाराला, शाव्हानला, फेब्रुवारी १७९१ मध्ये भर चौकात चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. आता विचार करा, मालकवर्गातलेच लोक एकमेकांना समतेच्या नावाखाली असे मारतायत हे पाच लाख लोक बघतायत. सहा महिन्यांत मळे पेटले.

म्हणून वर्गात मी म्हणायचे की बाहेरच्या क्रांतीने खालच्यांना शहाणं केलं असं नाही, तिने वरच्यांची एकी मोडली. शहाणे ते आधीपासूनच होते, माकांदालचं उदाहरण तिरकस यांनी दिलंच आहे. पण माकांदाल फसला कारण तेव्हा वरचे सगळे एक होते. (मुलांना हे उत्तर पेपरात लिहू नका असंही सांगायचे, मॉडेल आन्सरमध्ये नव्हतं!)

तिरकस
वही ताई, हे पटलं. 'एकी मोडली' यावर माझी हरकत नाही. 'प्रेरणा' वर अजून आहे.

डिचोलीकर
हाच प्रकार आमच्या गोव्यात झालाय. पिंटोंचं बंड. कांदोळीच्या पिंटो घराण्यातले लोक आणि काही पाद्री यांनी पोर्तुगीजांना हाकलायचा कट केला, कारण गोंयकार पाद्र्यांना वरच्या जागा द्यायच्या नाहीत, सगळे बिशप पोर्तुगालहून. फ्रेंच क्रांतीची ठिणगी गोव्यापर्यंत आली त्याचं हे उदाहरण.

जुनी_वही
डिचोलीकर, तारीख बघा. पिंटोंचा कट १७८७ चा, पॅरिसमध्ये बॅस्टिल पडलं १७८९ ला. ठिणगी दोन वर्षं उलटी नाही येत हो :)

डिचोलीकर
अरेच्चा! खरंच की. लहानपणापासून घरात असंच ऐकत आलोय. १७८८ मध्ये १५ जणांना पणजीत मारलं एवढं पक्कं आठवतं, क्रांतीचा संबंध नंतर कोणीतरी चिकटवला असणार. त्या कटाशी संबंध जोडला जातो ते फारिया पितापुत्र, त्यातला मुलगा म्हंजे पुढे पॅरिसमध्ये हिप्नोटिझमसाठी गाजलेला आबे फारिया, पणजीत पुतळा आहे तो. त्यामुळे लोकांच्या डोक्यात पॅरिस आणि पिंटो एकत्र झाले असतील. शब्द मागे घेतो.

तिरकस
बघा! प्रेरणा अशी मागाहून लावतात. याचसाठी ओरडतोय.

कॉफी_बिनसाखरेची
(धागा वाचल्यापासून आयडी सार्थ वाटतोय.) तिरकस, तुम्हाला स्पष्ट प्रेरणा हवी असेल तर क्युरासाओ घ्या. डच बेट, १७९५. तूला नावाच्या गुलामाने १७ ऑगस्टला बंड सुरू केलं आणि त्याच्याशी बोलणी करायला एका पाद्रीला पाठवलं, त्या पाद्रीने त्याचं म्हणणं लिहून ठेवलंय. तूलाचं लॉजिक सरळ होतं, फ्रेंच बेटांवरच्या काळ्यांना स्वातंत्र्य मिळालंय, आता फ्रान्सने हॉलंडही घेतलंय, मग आम्ही इथे गुलाम का? एकदम वकिली मुद्दा. वाचून नाही, बातमी ऐकून. त्याला ऑक्टोबरमध्ये हालहाल करून मारलं.

मुक्काम_मॉन्ट्रियल
@कॉफी, भारी उदाहरण! आणि 'फ्रेंच बेटांवर मिळालंय' हे वाक्य कुठून आलं ते बघा, कारण तिथेच मला या सगळ्यातला खरा ट्विस्ट वाटतो. फ्रान्सने ते उदार होऊन दिलं नव्हतं.

१७९३ पर्यंत राजाला गिलोटिनवर चढवलेला, स्पेन आणि इंग्लंडशी युद्ध सुरू, तूसाँसकट बंडखोरांचे बरेच पुढारी स्पेनच्या बाजूला गेलेले. फ्रान्सने पाठवलेला कमिशनर सोंतोना पुरता कोंडीत सापडला, वसाहत हातची जाणार हे दिसत होतं, तेव्हा २९ ऑगस्ट १७९३ ला त्याने उत्तर भागातली गुलामगिरी रद्द करून टाकली. योगायोग बघा, त्याच तारखेला तूसाँचं पत्रक निघालं, सां-दोमिंगमध्ये स्वातंत्र्य आणि समता नांदावी अशी माझी इच्छा आहे म्हणून. मग तिथून तीन प्रतिनिधी पॅरिसला गेले, त्यातला झाँ-बातिस्त बेले हा स्वतः सेनेगालमध्ये जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. ते सभेत पोचल्यावर ४ फेब्रुवारी १७९४ ला फ्रान्सने सगळ्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. म्हंजे जाहीरनामा १७८९ चा, त्यातल्या 'सगळी माणसं' मध्ये सगळी माणसं धरायला साडेचार वर्षं आणि पेटलेले मळे लागले. मग कोणी कोणाला शिकवलं?

यानंतर तीनेक महिन्यांत तूसाँ फ्रान्सच्या बाजूला आला.

जास्वंदी
आणि नेपोलियनने सगळं पुसलं ना परत?

मुक्काम_मॉन्ट्रियल
प्रयत्न केला. १८०२ च्या सुरुवातीला मेहुण्याला, लक्लेर्कला, प्रचंड आरमार देऊन पाठवलं. त्या लढाईतली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो थोडा वेळ. क्रेत-आ-पिएरो नावाच्या गढीला फ्रेंचांनी वेढा घातलेला आणि आतून काळ्या सैनिकांची गाणी ऐकू यायची, फ्रेंच क्रांतीची गाणी! बाहेर फ्रेंच प्रजासत्ताकाचे शिपाई. लाक्र्वा नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने आठवणीत लिहिलंय की आमची माणसं अधिकाऱ्यांकडे बघायला लागली, न्याय त्यांच्या बाजूला आहे का असं विचारल्यासारखी.

तूसाँला बोलणीच्या नावाने बोलावून पकडलं आणि फ्रान्सच्या डोंगरातल्या फोर द जू किल्ल्यात टाकलं, ७ एप्रिल १८०३ ला तो थंडीने आणि आजाराने तिथेच गेला. पण तोवर ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच बेटावर गुलामगिरी परत आणतायत ही बातमी इकडे पोचली आणि फ्रेंचांच्या बाजूला गेलेले देसालीनसारखे सेनापतीही उलटले. पुन्हा बातमीच! त्यात पिवळ्या तापाने फ्रेंच सैन्य किड्यामुंग्यांसारखं मेलं, लक्लेर्कसकट. १८ नोव्हेंबर १८०३ ला वेर्तिएरची शेवटची लढाई, आणि पुढचं माहितीये, सूप.

पोलंडची_पोरगी
वॉरसॉत शिकतेय म्हणून एक छोटी भर. नेपोलियनने त्या मोहिमेत साधारण ५००० पोलिश सैनिकही पाठवले होते. त्यांचा स्वतःचा देश १७९५ मध्ये तिघांनी वाटून नकाशावरून पुसलेला, नेपोलियन आपल्याला देश परत मिळवून देईल या आशेने हे लढत होते, आणि त्याने नेऊन सोडलं कुठे तर दुसऱ्यांचं स्वातंत्र्य चिरडायला. बरेचसे तापाने मेले, काही जण उलटले, चारेकशे तिथेच राहिले. १८०५ च्या हैतीच्या घटनेत गोऱ्यांना जमीन घ्यायला बंदी होती पण या पोलिश लोकांना सूट दिली, आणि वर सगळ्या हैतीवासीयांना 'काळे' असंच म्हटलं जाईल असं कलम, म्हंजे हेही कायद्याने काळे!

तिरकस
हे मात्र माहीत नव्हतं. जबरी.

सडेतोड_सदू
सगळे भारावलेत म्हणून कडू बोलतो. १८०४ मध्ये देसालीनच्या हुकमाने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, बायकामुलांसकट. त्याचं काय? आणि क्रांती इतकी महान तर देश आज एवढा गरीब का?

मुक्काम_मॉन्ट्रियल
कत्तल झाली, खरं आहे, आणि ती लपवायचं मला कारण नाही. तिची बातमीही जहाजांतूनच सगळीकडे गेली आणि अमेरिकेतल्या गुलाम-मालकांनी पुढची पन्नास वर्षं ती दाखवून गुलामगिरीचं समर्थन केलं.

गरिबीचं मात्र सरळ उत्तर देता येतं, निदान अर्धं. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून सांगितलं की आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं, १५ कोटी फ्रँक भरा तर तुम्हाला देश म्हणून मान्यता. त्या 'नुकसाना'त माणसंही धरलेली होती, म्हंजे जे सुटले त्यांनीच स्वतःची किंमत मालकांना द्यायची. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली, पण ती फेडायला काढलेली कर्जं विसाव्या शतकात गेली. अमेरिकेने तर १८६२ पर्यंत मान्यताच दिली नाही. बाकीचं अर्धं उत्तर त्यांच्याच पुढाऱ्यांचं आहे, त्यात शिरलो तर नवा धागा लागेल.

कॉफी_बिनसाखरेची
आणि त्या गरीब देशाने बोलिव्हारला, म्हणजे दक्षिण अमेरिकेत स्पेनशी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पुढाऱ्याला, उभा केला हे राहिलंच. दक्षिण अमेरिकेतून हरून पळालेला, १८१५ च्या शेवटी हैतीत आला. राष्ट्राध्यक्ष पेत्योंने बंदुका, जहाजं, माणसं दिली आणि बदल्यात पैसे मागितले नाहीत, एकच अट, जिथे जिंकशील तिथले गुलाम सोड. तेव्हा फ्रान्स → हैती → व्हेनेझुएला. आणि इथे तर 'प्रेरणा' नाही तिरकस, सरळ दारूगोळा.

तिरकस
दारूगोळा चालेल. मी हरलो नाही, पण थोडा सरकलो.

जुनी_वही
आपल्याकडची एक कडी देते आणि झोपायला जाते. १७९१ मध्ये, म्हणजे मळे पेटले त्याच वर्षी, थॉमस पेन या इंग्रज लेखकाने फ्रेंच क्रांतीच्या बाजूने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिलं. तेच पुस्तक पन्नासेक वर्षांनी पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. आणि १८७३ ची 'गुलामगिरी' जोतीरावांनी अर्पण केलीय ती अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून.

पण इथेही मॉन्ट्रियलकरांची दारू आणि ठिणगी आहेच. पेन वाचणारे पुण्यात इतरही असतील. मित्राच्या लग्नाच्या वरातीतून जातीवरून हाकललं गेलं ते जोतीरावांना.

खडूस_आजोबा
वही ताई, पेन्शनीत पण शिकवणं सोडलं नाही तुम्ही. दंडवत.

सडेतोड_सदू
चांगली चर्चा, कत्तलीचा मुद्दा मान्य केलात म्हणून गप्प बसतो. आता मुख्य प्रश्न, सूपाची पाककृती कोण देणार?

मुक्काम_मॉन्ट्रियल
काकूंना विचारून आलो. लाल भोपळा उकडून वाटून घ्यायचा, त्यात बटाटा, गाजर, कोबी, कांदापात, सेलरी, शेवटी मूठभर मॅकरोनी. त्या बीफ घालतात, आमच्याकडे चालत नाही म्हटल्यावर म्हणाल्या नको घालू, लिंबू मात्र सोडू नको. आणि एक स्कॉच बॉनेट मिरची, ती चिरायची नाही, देठासकट अख्खी वर सोडायची आणि ढवळताना तिला डाव लागू द्यायचा नाही. माझी काल फुटली. अजून पाणी पितोय.